शहापूर-मुरबाडचे जुने मुक्काम

मराठी बोलण्यात 'बिनीचा' हा शब्द आता 'अग्रेसर' एवढ्याच अर्थाने उरला आहे. बिनीचा गवई, बिनीचा कार्यकर्ता असे सहज म्हटले जाते. परंतु बिनी म्हणजे फौजेची आघाडी. आणि त्या आघाडीचा सरदार जो बिनीवाला, त्याच्या कामांपैकी एक महत्त्वाचे काम लढाईचे नव्हतेच, हे थोड्यांच्याच ध्यानात असते. ते काम मुक्कामाची जागा निवडण्याचे होते. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडलेल्या ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांतून त्याचे वर्णन करून ठेविले आहे. बिनीवाल्याने लष्कराच्या पुढे जाऊन तळाची भूमी पाहावी आणि जेथे महाराजांचे डेरे पडावयाचे तेथे एक लहानसे पांढरे निशाण रोवावे. मग त्या निशाणाच्या धोरणाने बाजार, पागा, सरदारांची बिऱ्हाडे अशी ज्याची त्याची जागा ठरून जाई. मोगलांकडे याच कामासाठी 'मीर-मंझिल' नावाचा अंमलदार असे. अकबराच्या स्वारीचा एक तळ उचलून नेण्यास १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत, असे अबुल फज्ल सांगतो. एवढे बिऱ्हाड एकदा चुकीच्या माळावर उतरले म्हणजे रातोरात हलविता येत नाही; तेव्हा जागा निवडणाराचे डोळे शाबूत असणे किती अगत्याचे होते, हे निराळे सांगावयास नको.

दिवाळीचे दिवे विझले, भाताची कापणी उरकून खळी भरू लागली, की मुंबई, ठाणे, कल्याण येथील कितीतरी कुटुंबे शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांकडे वळतात. एकदोन रात्री उघड्या आकाशाखाली काढाव्या, मुलांना नक्षत्रे दाखवावी, तीन दगडांच्या चुलीवरचा भात खावा, एवढीच त्यांची हौस. त्यांच्याबरोबर हत्ती नसतात. एखादी मोटार, नाहीतर कसाऱ्याची लोकल गाडी, दोन मुले, एक आजी, एक कापडी तंबू आणि मोजता न येणाऱ्या पिशव्या. पण मुलखात पाऊल टाकताच प्रश्न मात्र बिनीवाल्याचाच पुढे उभा राहतो: निशाण कोठे रोवावे? हौसेखातर तंबूत राहण्याची रीत पश्चिमेकडून आली आणि ती फारशी जुनीही नाही. बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांची पहिली छावणी भरविली ती १९०७ साली. या दोन तालुक्यांतील मुक्कामांचा इतिहास मात्र सुमारे २,००० वर्षांचा आहे, आणि त्याचा बराचसा भाग दगडात कोरलेला आहे.

२०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याच्या वाट्यास जो डोंगराळ मुलूख राहिला, तो मुख्यत्वे या दोन तालुक्यांचा होय. उत्तरेस कसाऱ्याचा थळ घाट, तेथून दक्षिणेकडे आजापर्वत, माळशेज, नाणेघाट, गोरखगड, सिद्धगड अशी सह्याद्रीची भिंत पूर्वेच्या अंगाने सलग उभी आहे. तिच्या पायथ्याशी साग-ऐनाची राने, भाताची खाचरे, मोहाची झाडे आणि ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे पाडे. अशा ठिकाणी 'रम्य स्थळ कोणते?' हा प्रश्नच खरोखर व्यर्थ आहे. कोठेही उभे राहावे आणि पूर्वेकडे मान वळवावी, म्हणजे झाले. सौंदर्याची निवड करावयाची असते ती जेथे ते दुर्मिळ असते तेथे. येथे दुर्मिळ आहे ते निराळेच.

पाऊस या भागात १०० इंचांच्या आसपास पडतो. परंतु खालचा खडक काळा, घट्ट, उतार तीव्र. आकाशातून पडलेले पाणी थांबत नाही, ते उल्हास, भातसा, तानसा, वैतरणा या नद्यांच्या वाटेने समुद्राकडे धाव घेते. आषाढात ज्या ओढ्यातून बैल वाहून जाईल, त्याच ओढ्याच्या वाळूत चैत्रात हातभर खड्डा खणून वाटीवाटीने हंडा भरावा लागतो. पावसाळ्यात आलेल्या पाहुण्यास हे सांगूनही खरे वाटत नाही. म्हणूनच या मुलखात ज्यांनी ज्यांनी तळ दिला, त्यांनी प्रथम पाणी पाहिले आणि मग इतर सर्व.

याचा सर्वांत जुना पुरावा नाणेघाटात आहे. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे हे गाव लागते. तेथून रानातून वर चढणारी पायवाट दोन-तीन तासांत घाटमाथ्याशी नेते. शेवटचा टप्पा एका अरुंद घळीतून दगडी पायऱ्यांनी चढावा लागतो, आणि माथ्याजवळ येताच उजव्या-डाव्या हातास खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि एक मोठे लेणे दिसते. कोकणातील कल्याण व सोपारा ही बंदरे आणि देशावरील जुन्नर, पैठण ही नगरे यांना जोडणारी ही वाट. मलमल, मसाले, मद्याचे कुंभ, नाणी हा सारा व्यापार बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवरून येथून चढला-उतरला. माथ्यावर दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत असत, असे लोक सांगतात.

लेण्याच्या भिंतींवरील ब्राह्मी लेख विद्वानांच्या परिचयाचा आहे. १८२८ साली विल्यम साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या तो दृष्टीस पडला. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्याचे वाचन केले. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिने केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांच्या दक्षिणेची ती लांबलचक यादी आहे. त्या यादीतील अंक भारतातील अतिशय जुन्या अंकांत मोडतात. मागील भिंतीवर राजा, राणी व राजपुत्र यांचे पुतळे कोरलेले होते. आज त्यांची पावलांपर्यंत मोडतोड झालेली असून वर नावे तेवढी राहिली आहेत.

परंतु राणीच्या यज्ञांपेक्षा वाटसरूस अधिक जवळचा वाटावा असा एक लहान लेख तेथेच एका टाक्यावर आहे. तो एका ओळीचा आहे आणि त्याचा आशय इतकाच की, सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले. गोविंददास कोण, काय व्यापार करीत होता, किती वेळा हा घाट चढला, यांविषयी इतिहास मुका आहे. पण सोपाऱ्यासारख्या समुद्रकाठच्या बंदरातील माणसाने दान देण्यासाठी घाटमाथ्यावरील हीच जागा का निवडली, हे ओळखण्यास फार पांडित्य नको. दिवसभराची चढण संपवून तांडा येथे पोहोचे. बैलांच्या पाठीवरची ओझी उतरली म्हणजे सर्वांची पहिली धाव पाण्याकडे असे. लेण्यातील भिंतींना लागून कोरलेले ओटे निजावयास होते. छप्पर होते, पश्चिमेस कोकण उघडे पडलेले होते. उणीव राहिली तर पाण्याची. ती त्याने पुरी केली. नाणेघाटची टाकी आजही वाटसरूची तहान भागवितात. एखाद्या राजाने उभारलेल्या किती गोष्टी २,००० वर्षांनंतर त्याच कामी येतात?

आज या लेण्यात रात्र काढणारे हौशी लोक पुष्कळ असतात. त्यांतील काहीजण आतच चूल मांडतात. ज्या भिंतीवर नागनिकेचा लेख आहे तिला धुराचे पुट चढविण्यापूर्वी बाहेरच्या मोकळ्या माळाकडे एकदा पाहिले असते तर बरे झाले असते.

घाटवाटांवरील व्यापाऱ्यांप्रमाणे डोंगरातील साधकांनीही आपले मुक्काम पाण्याजवळच बांधले. मुरबाडजवळील देहरी गावामागे उभा असलेला गोरखगड नाथपंथीयांच्या साधनेशी जोडला जातो. त्याच्या पोटात प्रशस्त गुहा आहे, शेजारी टाकी आहेत, अंगणात चाफ्याची जुनी झाडे आहेत आणि समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. गुरुशिष्यांच्या नावाचे डोंगर असे एकमेकांसमोर बसलेले अन्यत्र क्वचितच आढळावेत. गुहेपर्यंत जाणे धाकट्या मुलांस अवघड आहे आणि त्यावरील कातळातील पायऱ्या तर मोठ्यांचीही परीक्षा पाहतात. कुटुंबवत्सल माणसाने त्या वाटेस जाऊ नये हे उत्तम. त्या मानाने शहापूर तालुक्यातील डेहणे गावावरचा आजापर्वत अधिक मायाळू. तेथील रानात वाल्मीकींचा आश्रम असल्याची श्रद्धा आहे, आणि लव-कुश वाल्मीकींना 'आजोबा' म्हणत म्हणून डोंगरासही आजोबा हेच नाव पडले, असे गावकरी सांगतात. आश्रमापर्यंतची चाल बेताची, सावली दाट, पाणी जवळ. नातवंडांना घेऊन गेलेल्या आजीला याहून योग्य डोंगर कोणता?

शहापूरजवळचा माहुलीचा किल्ला ही या दोन तालुक्यांतील सर्वांत नामांकित जागा. आसनगाव स्थानकातूनच त्याची करवती कड दिसू लागते. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन डोंगर एकत्र बांधलेला हा गड २,८१५ फूट उंच आहे, आणि त्याच्या टोकास नवरा, नवरी, भटोबा या नावांचे सुळके उभे आहेत. सारी वरातच दगड होऊन राहिल्याची कथा मुलांना सांगावयास त्यामुळे आयती सोय आहे. पण या गडावरचा इतिहासप्रसिद्ध मुक्काम वरातीचा नव्हता. १६३६ साली निजामशाही वाचविण्याचा अखेरचा यत्न करीत शहाजीराजे येथे आले. त्यांच्याजवळ निजामशाहीचा बालवारस होता. जिजाबाई आणि पाच-सहा वर्षांचे शिवाजीराजेही त्या वेळी गडावर होते, असे परंपरा सांगते. मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांनी गडास वेढा घातला. अखेर शहाजीराजांना गड व तो बालक मोगलांच्या स्वाधीन करावा लागला, आणि अहमदनगरची निजामशाही तेथे संपली. पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात गेलेला हा गड १६७० साली मराठ्यांनी परत मिळविला.

वेढ्यातल्या गडाचा जीव तटबंदीत नसतो, टाक्यांत असतो. ही गोष्ट मराठ्यांनी अनुभवाने शिकून पुढे लिहूनही ठेविली. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचे प्रकरण आहे. किल्ल्याची जागा ठरविताना आधी तेथील पाणी तपासावे, पाणी नसून जागा मात्र सोडण्याजोगी नसेल तर खडक फोडून टाकी-तळी करावी, एकाच झऱ्यावर भिस्त ठेवू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, असे अमात्य बजावतात. त्याच ग्रंथात ते झाडांविषयी बोलतात. आंबा, फणस ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात. त्यांस बळजबरीने हात लावू नये. जीर्ण झालेले झाड हवेच असेल तर मालकास राजी करून व मोल देऊन घ्यावे. राज्यकारभाराच्या ग्रंथात सरपणाचा असा विचार केलेला पाहून नवल वाटते. पण फौजा हिंडत त्या मुलखात रयतेचे सर्वांत मोठे नुकसान लढाईने नव्हे, तर तळाने होत असे.

शिवाजी महाराजांना हे पुरते ठाऊक होते. राज्याभिषेकाच्या थोडे आधी कोकणातच, चिपळूणच्या बाजूस, त्यांची घोडदळाची छावणी पावसाळ्यासाठी राहिली होती. तेथील जुमलेदार व कारकुनांस त्यांनी पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात शत्रूचा उल्लेख नावापुरता आहे. सारा भर दाणा-गवत जपून पुरविण्यावर, बाजारातून रोख मोल देऊन वस्तू घेण्यावर आणि विस्तव सांभाळण्यावर. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवतास आग लागेल आणि एका क्षणात सारी पागा जळून जाईल, इतक्या बारकाव्याने महाराजांनी तेथे लिहिले आहे. फाल्गुन-चैत्रात शहापूर-मुरबाडच्या टेकड्यांवरचे वाळलेले गवत ज्याने पाहिले आहे, त्यास त्या उंदराची भीती समजावून द्यावी लागत नाही. एका न विझविलेल्या शेकोटीने वणवा पेटतो आणि डोंगरचा डोंगर काळा होतो.

फौजांच्या तळाबरोबरच कुटुंबांचे मुक्कामही या भागास नवे नाहीत. कार्तिकाच्या शुद्ध पक्षात आवळीखाली पंगत मांडण्याची, म्हणजे आवळीभोजनाची चाल महाराष्ट्रभर होती. घरच्या बायकांना वर्षातून एकदा चार भिंतींबाहेर स्वयंपाक करण्याचा मान त्या दिवशी मिळे (काम तेच, पण वारा मोकळा). मुरबाड तालुक्यात मात्र खरा कौटुंबिक तळ पडतो तो पौषी पौर्णिमेस, म्हसे येथील म्हसोबाच्या यात्रेत. गुरांचा मोठा बाजार, घोंगड्यांची दुकाने, मिठाईची पाले. पूर्वी गावोगावचे शेतकरी बैलगाडीत शिधा, कडबा, पोरेबाळे घालून येत आणि गाडीखालीच बिऱ्हाड मांडीत. धुरी वर, बैल दावणीस, गाडीच्या आडोशास चूल आणि वर पौषातले गार चांदणे. मैदानाच्या कोणत्या अंगास कोणत्या गावाने उतरावयाचे हे कोणी लिहून ठेवीत नसे, परंतु बापाने जेथे गाडी सोडली तेथेच मुलगा सोडी. अशा तळास बिनीवाला लागत नाही.

इंग्रजी अमदानीत डोंगरपायथ्याच्या आमराया गोऱ्या अंमलदारांच्या तंबूंनी व्यापिल्या. पावसाळा संपला की कलेक्टर व त्याचे सहायक जिल्ह्याच्या फिरतीवर निघत आणि थंडीचे दिवस तंबूत काढीत. जागेविषयी त्यांची पसंती ठरलेली असे: जुनी आमराई, बांधलेली विहीर आणि गाडीचा रस्ता. निवड बिनचूक होती, यात संशय नाही. परंतु साहेबाचा तळ पडला म्हणजे गावच्या पाटलाची झोप उडे. सरपण, दूध, कोंबडी, पाणी भरावयास माणसे, तंबू वाहावयास गाड्या या बरदाशीचा बोजा गावावर पडे, आणि त्यातला जड भाग ठाकूर-कातकऱ्यांच्या डोक्यावर येई. मोबदला मिळाला तर मिळाला. जमीनदारांची, सावकारांची आणि सरकारी माणसांची अशी तिहेरी वेठ ठाणे जिल्ह्याच्या रानात पिढ्यानुपिढ्या चालली होती. १९४५ साली जिल्ह्याच्या उत्तर भागातील वारल्यांनी तिच्याविरुद्ध उठाव केला, तेव्हा कोठे ती मोडू लागली. साहेबाच्या स्मृतिग्रंथांतून तंबूवासाची जी काव्यमय वर्णने आढळतात, त्यांत पाण्याचा हंडा कोणी आणला हे सहसा नसते.

दरम्यान लोहमार्ग आला होता. १८५५ साली तो कल्याणहून वासिंदपर्यंत, १८६० साली आसनगावपर्यंत आणि १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोहोचला. थळ घाट चढून तो इगतपुरीस गेला १८६५ साली. शहापूर मुंबईच्या हाताशी आले. मुरबाड मात्र रस्त्यावरच अवलंबून राहिले आणि त्यामुळे त्याचे रानही थोडे अधिक टिकले. लोहमार्गापाठोपाठ मुंबईने या डोंगरांकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास आरंभ केला. १८९२ साली तानसा नदीवरचा सुमारे पावणेदोन मैल लांबीचा दगडी बांध पुरा झाला व तेथील पाणी नळांवाटे मुंबईस जाऊ लागले. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला. त्यास मुंबईचे अभियंते मोडक यांचे नाव दिलेले आहे. १९८० नंतरच्या दशकात भातसा धरण उभे राहिले, आणि आज मुंबईच्या रोजच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या भातसातून येतो. थळ घाटाच्या अलीकडे जेथे पूर्वी दऱ्या होत्या तेथे आता विस्तीर्ण जलाशय पसरले आहेत. त्यांच्या काठी सूर्यास्ताचे रंग असे काही उतरतात की, तंबू ठोकावयाचा तर येथेच, असे कोणासही वाटावे.

या रम्य इतिहासात एक मुक्काम असा आहे की, त्याची जागा सौंदर्यासाठी निवडली गेली नव्हती. १९४२ च्या चळवळीत माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना लोक भाई कोतवाल म्हणत, यांनी कर्जत-मुरबाडच्या तरुणांचा आझाद दस्ता उभा केला. विजेच्या तारांचे मनोरे पाडून मुंबईच्या कारखान्यांची वीज तोडणे हे त्यांचे काम. पोलीस मागावर होते. दस्त्याने अखेरचा आसरा घेतला तो मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात. दाट झाडी, वाहते पाणी, गावापासून दूर, अशी ती जागा. बिनीवाल्याच्या कसोटीस ती उतरली असती. पण तळ कितीही चांगला असला तरी त्याची बातमी बाहेर फुटली म्हणजे उपाय नसतो. २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांनी तो गाठला, आणि गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील हे दोघे जागीच पडले. दरवर्षी त्या दिवशी लोक तेथे जमतात. नाताळच्या सुट्टीत सिद्धगडाच्या पायथ्याशी तंबू ठोकणाऱ्या कुटुंबाने दोन दिवस अधिक राहून ती सकाळ पाहिली, तर मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे काहीतरी मिळेल.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळावयाचे, तर पहिली अडचण मालकीची. तानसाच्या भोवतालचे रान १९७० साली अभयारण्य झाले. सिद्धगडाच्या बाजूचे रान १९८५ पासून भीमाशंकर अभयारण्यात आहे. तेथे आणि इतर राखीव वनांत वनखात्याच्या परवानगीवाचून रात्री राहता येत नाही. तलावांचे काठही मोकळे माळ नव्हेत. उरली ती शेतकऱ्यांची खाजगी जमीन. भात कापून झालेली खाचरे, गावालगतच्या आमराया, आणि अलीकडे काही शेतकऱ्यांनी स्वतःच पाहुण्यांसाठी राखलेल्या जागा. कुटुंबास हीच सर्वांत सोयीची, आणि तिचा पैसा पाड्यातच राहतो, हा तिचा आणखी एक गुण.

वाघराची भीती शहरी माणसास फार वाटते. त्यासंबंधी एक हकीगत ऐकण्याजोगी आहे. २००९ साली वन्यजीव-अभ्यासकांनी गळ्यात यंत्र बांधून माळशेज घाटात एक बिबट्या सोडला. योगायोगाने त्याचेही नाव 'आजोबा' ठेविले होते. तो या डोंगरांतून, शेतांतून, लोहमार्ग ओलांडून, सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत त्याने कोणा माणसास इजा केली नाही, आणि पुष्कळांना तो शेजारून गेल्याचा पत्ताही लागला नाही. बिबट्यापेक्षा ओढा अधिक घातक. कोरड्या ओढ्याच्या पात्रातील मऊ वाळू तंबूस फार मोहक दिसते, परंतु पावसाळ्यात, अथवा अवकाळी ढग आले असता, डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस घटकाभरात खाली उतरतो. झोपलेल्या माणसास त्याची वर्दी मिळत नाही. माळशेजच्या कड्याखाली तर पावसात दरडी कोसळतात. ते दृश्य दिवसा, दुरून पाहावे आणि मुक्कामास परत यावे. मुक्कामाचा खरा काळ कार्तिक ते माघ.

आणि पुन्हा पाणी. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण जणू शहापूर तालुक्यासाठीच पडली. ज्या तालुक्यातील जलाशय मुंबईची तहान भागवितात, त्याच तालुक्यातील कितीतरी पाड्यांत दर उन्हाळ्यात सरकारी टँकर विहिरीत पाणी ओतून जातो आणि बायका हंडे घेऊन त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. मुंबईकडे जाणारे प्रचंड नळ काही पाड्यांच्या अंगणाशेजारून गेलेले आहेत. अशा ठिकाणी शहरातून आलेल्या दहाजणांच्या मेळ्याने अंघोळीसाठी विहिरीतून बादल्या उपसल्या, तर गाव तोंडावर काही बोलणार नाही. पाहुण्यास पाण्याला नाही म्हणण्याची तेथे रीत नाही. साहेबाच्या तळासही गावाने नाही म्हटले नव्हतेच.

म्हणून कुटुंबातील एकाने आठवडाभर आधी बिनीवाला होऊन जावे. सकाळच्या कसारा गाडीने आसनगाव, आटगाव किंवा खर्डी येथे उतरावे. मुरबाडकडे जावयाचे असल्यास कल्याणहून एस.टी. धरावी. दुपारच्या उन्हात जागा पाहावी, कारण सकाळी सर्वच जागा चांगल्या दिसतात. सावली कोणीकडे सरकते, वारा कोठून येतो, पाऊस आलाच तर पाणी कोठून उतरेल, हे उभ्याउभ्या कळते. मालकाशी भाडे ठरवावे. मग पाड्याच्या विहिरीवर जाऊन पाणी शेंदणाऱ्या मावशीला विचारावे, की ही विहीर कोणत्या सणापर्यंत पुरते. होळीपर्यंत म्हणाल्या, तर दोन रात्रींपुरते स्वयंपाकाचे पाणी त्यांच्या परवानगीने घ्यावयास हरकत नाही. संक्रांतीपर्यंत म्हणाल्या, तर निघण्याच्या दिवशी घरच्या नळावर चार कॅन भरून बरोबर घ्यावेत. ते पाणी बहुधा त्याच डोंगरामागच्या तलावातून मुंबईस गेलेले असेल.